गावातून परतल्यावरचा तास

वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉक्टर व्हायला आलेली मुलं पहिल्याच वर्षी पंधरा दिवस एका खेड्यात मुक्कामाला जातात. हाडांची नावं अजून पाठ व्हायची असतात, नव्या स्टेथोस्कोपचं अप्रूप सरलेलं नसतं, आणि अशा वेळी हातात तक्ता देऊन त्यांना काही घरांच्या उंबऱ्याशी उभं केलं जातं. ही घरं आता त्यांची. घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, चूल आहे की गॅस, शेवटचं बाळंतपण घरी झालं की दवाखान्यात, धाकट्याला कोणत्या लशी मिळाल्या, हे सगळं विचारायचं आणि लिहून घ्यायचं. शिबिर संपलं तरी ही घरं सुटत नाहीत. पुढे त्याच घरांकडे नियमाने जायचं असतं.

गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. डॉक्टरला खेडं पुस्तकातून कळणार नाही, हे त्या गांधीजींच्या सहवासात शिकल्या होत्या. म्हणून प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचं आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्यातली काही कुटुंबं सोपवायची, अशी रीत या महाविद्यालयात पडली. खादीचा पोशाख आणि सुरुवातीचे आश्रमातले दिवस यांची चर्चा बाहेर जास्त होते. पण वैद्यकीय शिक्षण म्हणून पाहिलं तर खरी मोलाची गोष्ट ही घरं आहेत.

कारण अशा घरात पुस्तक अडखळतं. रक्तक्षयाचं उदाहरण घ्या. पुस्तक सांगतं, गर्भवतीचं हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या द्या. घरी गेल्यावर दिसतं की गोळ्यांची पट्टी फडताळात जशीच्या तशी पडली आहे. गोळी घेतली की मळमळतं, आणि कापूस वेचायला पहाटे निघायचं असेल तर मळमळ परवडत नाही. शिवाय घरातली ही बाई सगळ्यांच्या मागून जेवते आणि भाजी तोवर संपलेली असते. विद्यार्थ्याने तक्त्यात ‘गोळ्या घेत नाही’ एवढंच लिहिलं, तर त्याने माहिती गोळा केली. ‘का घेत नाही’ हे वहीत उतरवलं, परत येऊन शिक्षकांपुढे ठेवलं, सोबतच्या मुलांच्या घरांतही हेच दिसलं का ते पडताळलं, आणि पुढच्या फेरीत गोळी रात्री जेवणानंतर घेऊन पाहायला सुचवलं, तर तो औषधशास्त्र, आहारशास्त्र आणि समाजशास्त्र एकाच वेळी शिकला. त्या बाईच्याही पदरात काही पडलं.

शिक्षणाच्या या रीतीला जगभर ‘सर्व्हिस लर्निंग’ म्हणतात. मराठीत ‘सेवाधारित शिक्षण’ किंवा ‘सेवेतून शिक्षण’ असे शब्द वापरात आहेत. तिच्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: लोकांना खरोखर हवं असलेलं काम, त्या कामाशी जोडलेला अभ्यासक्रम आणि झालेल्या अनुभवाकडे मागे वळून पाहणं. पहिल्या दोन गोष्टी पटकन समजतात. तिसरी मात्र बहुतेक ठिकाणी वेळेअभावी गळून जाते. गावातून परतल्यावर, हातपाय धुऊन, वर्गात गोल बसून बोलण्या-लिहिण्यात घालवलेला तो एक तास वेळापत्रकात कुणी मांडत नाही आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही. या लेखाचा विषय तोच तास आहे.

‘सर्व्हिस लर्निंग’ हा शब्द १९६७ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला. सदर्न रीजनल एज्युकेशन बोर्ड या संस्थेत काम करणारे रॉबर्ट सिगमन आणि विल्यम रॅमझी हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना टेनेसी राज्याच्या परिसरात स्थानिक विकासाच्या कामांवर धाडत होते. त्या प्रयोगाला नाव हवं होतं, ते त्यांनी दिलं. विचार मात्र जुना होता. कोलंबिया विद्यापीठातले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० सालच्या ‘हाउ वी थिंक’ या पुस्तकात विचार करण्याची क्रिया उलगडून दाखवली होती. आपण अडतो, अडल्यामुळे थांबतो, काय अडलं ते निरखतो, कारणांचे अंदाज बांधतो आणि ते पुन्हा कृतीत तपासतो. नुसता अनुभव आला म्हणून माणूस शहाणा होतो, असं ड्यूई मानत नव्हते. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर या गुरूचा ठसा उमटला होता, त्यामुळे मराठी वाचकाला ड्यूई अगदीच परके नाहीत.

भारतात हा धागा वेगळ्या बाजूने आला. गांधीजींची नई तालीम १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली, ती शाळेसाठी होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ महाविद्यालयापर्यंत नेलं. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठाच्या रूपाने शिक्षण आणि ग्रामविकास एकाच आवारात आणले. आणि विद्यार्थ्यांच्या राष्ट्रसेवेची पहिली मोठी सरकारी मांडणी ज्या समितीने केली, तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. १९५९ सालची ही समिती. शाळा संपवून महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची सेवा करावी, अशी तिची शिफारस होती. एवढा पैसा आणि एवढी व्यवस्था उभी राहणं अवघड होतं. पुढे कोठारी आयोगाने सेवा शिक्षणाबरोबरच चालावी असं सुचवलं आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना (एन.एस.एस.) सुरू केली. सेवाग्रामचं महाविद्यालय आणि एन.एस.एस. यांचा जन्म एकाच वर्षातला.

एन.एस.एस.ने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना पहिल्यांदा खेडं दाखवलं. दोन वर्षांत २४० तास काम, दत्तक गाव, सात दिवसांचं विशेष शिबिर, पहाटेची प्रभातफेरी, दिवसा श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य. शहरातल्या मुलीने पहिल्यांदा टिकाव हातात घेतला तो अशाच शिबिरात. सार्वजनिक कामात मुरलेल्या कितीतरी माणसांची सुरुवात तिथली आहे. योजनेचं मूळ सूत्रही सेवेतून शिक्षण हेच होतं, आणि स्वयंसेवकाने कामाची डायरी ठेवावी ही अपेक्षाही पहिल्यापासूनची. पण ही सेवा अभ्यासाच्या शेजारी उभी राहिली, अभ्यासात शिरली नाही. मुंबई विद्यापीठात एन.एस.एस. करणाऱ्याला मिळणारे दहा वाढीव गुण सगळ्यांना ठाऊक आहेत. रसायनशास्त्राच्या पेपरला ते दहा गुण मिळतात, पण शिबिरात तपासलेलं विहिरीचं पाणी त्या पेपरात कुठेच येत नाही.

हा फरक समजून घ्यायला वनराई बंधाऱ्यासारखं उदाहरण नाही.

सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची. ओढ्याकाठची माती आणि वाळू त्यांत भरायची, तोंडं सुतळीने शिवायची आणि विटांसारखी सांधमोड करत ओढ्याच्या पात्रात आडवी रचायची. पावसाळा सरला, धार बारीक झाली की हे काम करतात. खर्च जवळजवळ नाही, तंत्र अवघड नाही, आणि पन्नास-साठ मुलं लागली की एका दिवसात बंधारा उभा राहतो. संध्याकाळी त्याच्यामागे चमचमणारं पाणी पाहताना जो आनंद होतो तो खोटा नसतो. शिबिर इथे संपतं. फोटो निघतो, सरपंच नारळ देतात, एस.टी. येते.

आता हाच बंधारा भूगोलाच्या किंवा अर्थशास्त्राच्या वर्गाचा विषय आहे असं समजा. मग तो बांधण्याआधी प्रश्न सुरू होतात. ओढ्याला पाणी कुठून येतं, पाणलोट केवढा, खडक कोणता? बेसॉल्टच्या प्रदेशात पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून झिरपतं, त्यामुळे शंभर पावलं वर किंवा खाली सरकल्याने मोठा फरक पडू शकतो. बांधून झाल्यावर दर पंधरवड्याला जायचं. आजूबाजूच्या विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी मोजायची आणि ती वहीत तारीखवार लिहायची. पातळी कोणत्या विहिरीची वाढली? ती विहीर कुणाची? ओढ्याकाठची जमीन कुणाच्या नावावर आहे? बंधाऱ्याच्या पाण्यावर रब्बीचा हरभरा किंवा गहू कुणी केला? आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, ज्याची वस्ती ओढ्यापासून लांब गावकुसाला आहे, त्याच्या वाट्याला काय आलं?

शेवटच्या प्रश्नापाशी वर्ग एकदम गप्प होतो. पोती भरायला ज्या वस्तीतली मुलं सर्वांत आधी धावून आली होती, त्याच वस्तीला त्या पाण्याचा थेंबही मिळत नसेल, असं निघू शकतं. तसंच मजुरी वाढल्यामुळे थोडाफार फायदा तिथवर पोचला, असंही निघू शकतं. उत्तर आधी कुणालाच माहीत नसतं, आणि म्हणूनच तो अभ्यास आहे. श्रमदानाच्या दिवशी मिळालेल्या समाधानावर हा प्रश्न ओरखडा काढतो, पण त्या ओरखड्याशिवाय जमीन, जात आणि पाणी यांचं नातं विद्यार्थ्याला कळायला दुसरी वाट नाही. तेच नातं पाठ्यपुस्तकात ‘ग्रामीण विषमता’ या मथळ्याखाली दोन पानांत येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं.

मागे वळून पाहण्याची ही कला आपल्याकडे नवी नाही. समाजकार्य शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी ती फार पूर्वीच घडवली. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय निघालं, तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ड्ट हे त्याआधी नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाउस चालवत होते, म्हणजे शाळा वस्तीच्या कामातून जन्मली. टाटा संस्था असो, मुंबईचं निर्मला निकेतन असो की पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, तिथल्या विद्यार्थ्याच्या तोंडी दोन शब्द कायम असतात: फील्डवर्क आणि रेकॉर्डिंग. आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात किंवा कामगार संघटनेत काम करायचं. मग त्याचा वृत्तांत लिहायचा. कुणाला भेटलो, ते काय म्हणाले, मी काय म्हणालो, ते ऐकून मला काय वाटलं, मी तसं का म्हणालो असेन, पुढच्या वेळी काय करीन. हा वृत्तांत पर्यवेक्षक शिक्षक वाचतात, समासात प्रश्न लिहितात आणि विद्यार्थ्याला समोर बसवून त्यावर बोलतात. या भेटीला मुलं आय.सी. म्हणतात, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्सचं लघुरूप. अनेकांना वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा समासातले ते प्रश्न वर्षानुवर्षं आठवतात.

समाजकार्याच्या शाखेने जे कमावलं ते वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी आणि साहित्याच्या वर्गांपर्यंत यायला फार उशीर झाला. तिथे ‘अनुभव लिहा’ म्हटलं की काय लिहायचं हेच मुलांना कुणी शिकवलेलं नसतं. मग बहुतेक वह्यांत एकच वाक्य येतं: गावातील लोक खूप प्रेमळ होते आणि आम्हाला खूप काही शिकायला मिळालं. यात मुलांचा दोष नाही. त्यांना प्रश्नच मिळालेला नाही.

टेरी बॉर्टन या अमेरिकन शिक्षकाने १९७० मध्ये तीन साधे प्रश्न मांडले, ते आजही जगभर वापरले जातात. मराठीत ते असे होतात: काय घडलं? त्याचा अर्थ काय? आता काय करायचं? पहिल्या प्रश्नाला मत चालत नाही, फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं सांगायचं. दुसऱ्यात ते अभ्यासक्रमाशी आणि स्वतःच्या आधीच्या समजुतींशी ताडून बघायचं. तिसऱ्यात पुढचं पाऊल ठरवायचं.

समजा, वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी बचत गटाची हिशेबवही लिहायला मदत करते. ‘महिलांना जमाखर्च शिकवला’ असं तिने लिहिलं तर ते एका ओळीत संपतं. तीन प्रश्न समोर ठेवून लिहिलं तर असं काही उतरू शकतं: गटातल्या एका बाईला किती कर्ज दिलं, ते वहीत नव्हतं. पण गटातल्या सगळ्या बायकांना ते तोंडपाठ होतं, व्याजासकट. मला वाटत होतं, लिहिलेलं नाही म्हणजे हिशेब नाही. हिशेब होता, तो एकमेकींच्या लक्षात होता. मग वही कुणासाठी हवी? बँकेसाठी. बँक त्यांच्या स्मरणावर कर्ज देत नाही. म्हणजे दुहेरी नोंद पद्धत शिकवताना मी कुणाची भाषा शिकवते आहे, हे मला आधी समजून घ्यायला हवं. पुढच्या वेळी मी नमुना घेऊन जाणार नाही, त्यांच्याकडूनच एका महिन्याचा हिशेब ऐकीन आणि तो कागदावर कसा उतरतो ते दोघी मिळून पाहू.

एवढ्या लिखाणात लेखाशास्त्र आहे, पतपुरवठा आहे आणि स्वतःचा अहंकार ओळखणंही आहे. जॅनेट आयलर आणि ड्वाइट जाइल्स यांनी अमेरिकी महाविद्यालयांतल्या सेवाधारित अभ्यासक्रमांचा मोठा अभ्यास करून १९९९ मध्ये पुस्तक लिहिलं. सेवेचा अभ्यासाशी सांधा किती घट्ट आहे आणि चिंतन किती नेमाने, किती खोलवर होतं, यावर शिकणं अवलंबून असतं, असं त्यांना दिसलं.

हे सगळं आज महाराष्ट्रात तातडीचं झालं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने सामाजिक जबाबदारी आणि समुदाय सहभागाबद्दल मार्गदर्शक सूत्रं काढून २ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम सुचवला. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून या धोरणाची नवी रचना लागू झाली. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांच्या वेळापत्रकात त्यामुळे दोन नवी लघुरूपं दिसू लागली: एफ.पी. आणि सी.ई.पी., म्हणजे क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प. एका श्रेयांकाला प्रत्यक्ष कामाचे साधारण ३० तास धरले, तर २ श्रेयांकांचे ६० तास होतात. चिंतामणराव देशमुखांना जे सक्तीने हवं होतं, ते काही अंशी श्रेयांकाच्या वाटेने आलं आहे. एन.एस.एस.मध्ये येणारा विद्यार्थी स्वतःहून येत होता, इथे वर्गच्या वर्ग येतो.

भीती आहे ती इथेच. मराठी घरांना ‘कार्यानुभव’ हा शब्द आठवत असेल. कोठारी आयोगाने शाळेत श्रमाला आणि उत्पादक कामाला जागा मिळावी म्हणून तो विषय सुचवला होता. पुष्कळ शाळांत त्याचा अर्थ आठवड्यातला एक तास, कागदी फुलं आणि वर्षअखेरीला बाजारातून आणलेली वस्तू एवढाच उरला. चांगल्या शिक्षकांनी तो जीव ओतून शिकवला, पण व्यवस्थेने त्याला वेळ, साहित्य आणि प्रशिक्षण दिलं नाही. सी.ई.पी.चं तसंच होण्याची लक्षणं दिसतात. एका शिक्षकाकडे साठ-सत्तर मुलं, त्यांचे साठ-सत्तर अहवाल, अहवालाला ठरलेला मुखपृष्ठाचा नमुना, आणि मूल्यांकनाच्या फायलीसाठी जिओ-टॅग केलेले फोटो. फोटोतल्या अक्षांश-रेखांशावरून मुलं गावात गेली होती एवढं सिद्ध होतं. तिथून ती काय घेऊन आली, हे कळायला वही वाचावी लागते, आणि सत्तर वह्या समासात प्रश्न लिहीत वाचायच्या तर त्या शिक्षकाच्या कार्यभारात ते तास मोजले गेले पाहिजेत. ही मागणी प्राध्यापकांच्या संघटनांनी, प्राचार्यांनी आणि विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी आजच लावून धरायला हवी. पाच वर्षांनी ती करून उपयोग नाही, तोवर सवयी पडलेल्या असतील.

आणि गावाचं काय? या सगळ्या चर्चेत गाव बहुधा गृहीत धरलं जातं.

२० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरात अमेरिकी विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोर विचारवंत इव्हान इलिच यांनी भाषण केलं. सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला येणारी ही मुलं. इलिच त्यांना तोंडावर म्हणाले की तुमचा हेतू चांगला असेल, पण तुम्हाला इथली भाषा येत नाही, इथल्या लोकांना तुम्ही नको असाल तर ते सांगण्याची सोयही त्यांच्याकडे नाही. पाहायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. ते भाषण आजही सेवाधारित शिक्षणाच्या वर्गांत पहिल्या आठवड्यात वाचायला देतात, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतल्या मॅडिसन परिसरातल्या छोट्या सामाजिक संस्थांशी बोलून रँडी स्टोकर आणि एलिझाबेथ ट्रायॉन यांनी २००९ मध्ये ‘द अनहर्ड व्हॉइसेस’ हे पुस्तक संपादित केलं. त्यातली एक मोठी तक्रार अल्प मुदतीची होती. विद्यार्थ्याला काम समजावून सांगेपर्यंत सत्र संपतं, आणि पुढच्या सत्रात नव्याने सुरुवात.

आपल्याकडे ही तक्रार कागदावर आलेली नसली तरी शहराजवळच्या कुठल्याही दत्तक गावात ऐकू येते. महाविद्यालयं बदलतात, प्रश्नावली तीच असते. घरात शौचालय आहे का, मुलगी किती शिकली, मोबाईल आहे का. सांगणारी बाई तेच ते पुन्हा सांगते आणि निकाल काय निघाला हे तिला कधीच कळत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात प्रत्येक संस्थेने पाच गावं दत्तक घ्यायची असतात. दत्तक या शब्दाचा आपल्या भाषेतला अर्थ मोठा आहे. दत्तक घेतलेलं मूल सत्र संपल्यावर कुणी परत करत नाही.

मुदतीच्या अडचणीवर काहींनी वाट काढली आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५ पासून चालणाऱ्या एपिक्स या उपक्रमात अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्थानिक संस्थांसाठी उपकरणं आणि प्रणाली बनवतात. विद्यार्थी सत्रागणिक बदलले तरी प्रकल्प आणि त्या संस्थेशी असलेलं नातं वर्षानुवर्षं तेच राहतं. जुनी मुलं नव्यांकडे काम सोपवून जातात. सेवाग्रामच्या रीतीतही हेच शहाणपण आहे, कारण तिथे तुकडीचं गाव बदलत नाही.

महाराष्ट्रातलं आणखी एक उदाहरण पवईचं. आय.आय.टी. मुंबईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं एक केंद्र आहे, त्याला ‘सितारा’ म्हणतात. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना कर्जतसारख्या तालुक्यांत पाणीयोजनांचा अभ्यास करायला धाडलं. धरणं असलेल्या आणि धो धो पाऊस पडणाऱ्या भागातही उन्हाळ्यात टँकर का लागतो, हा अभियांत्रिकीचाच प्रश्न आहे, असं या मंडळींचं म्हणणं. पुढे उन्नत महाराष्ट्र अभियानातून ही पद्धत राज्यातल्या इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला.

यातलं गणित पदवीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला जमण्याजोगं आहे. जलजीवन मिशनचं मानक माणशी रोज ५५ लिटर. समजा, गावाच्या टोकाच्या नळावर २० लिटरची बादली भरायला ४ मिनिटं लागली आणि पाणी ४० मिनिटं आलं. म्हणजे २०० लिटर. घरात पाच माणसं असतील तर वाट्याला ४० लिटर आले, मानकापेक्षा १५ कमी. टाकीजवळच्या नळावर हीच बादली एका मिनिटात भरत असेल तर योजनेत पाणी पुरेसं आहे, वाटपात चूक आहे. मग टाकीची उंची, पाइपाचा व्यास, झडपा आणि पंपाचे विजेचे तास तपासायचे. शेवटी दोन पानांचा मराठीतला अहवाल नकाशासह ग्रामसभेत वाचून दाखवायचा. ग्रामसभेत कुणीतरी उठून सांगतो की त्या वळणावर झडप मुद्दामच अर्धी बंद ठेवतात, आणि का ते सगळ्यांना ठाऊक आहे. आय.आय.टी.तल्या असो वा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या, विद्यार्थ्याच्या अहवालात ती ओळ नसते. तिची भर पडली की अहवाल पुरा होतो, आणि वर्गात परतल्यावर बोलायला एक तास पुरत नाही.

वैद्यकीय शिक्षणात तर सेवाग्रामसारखी घरं आता देशभर पोचली आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात आणला. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने काही कुटुंबांशी नातं जोडायचं, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं आणि नोंदी ठेवायच्या. त्याच्या लॉगबुकात आता ‘रिफ्लेक्शन’ नावाचा मजकूर लिहावा लागतो. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयापासून दत्तक गाव लांब असतं, बस वेळेवर मिळत नाही, आणि मुलगा तिथे पोचेतो घरातली कर्ती माणसं कामावर गेलेली असतात. म्हणून काही शिक्षक भेटीचा वार आणि वेळ गावाला विचारून ठरवावी म्हणतात. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, सुगीच्या दिवसांत संध्याकाळी जावं, परतीच्या बसमध्येच वही उघडावी, कारण रात्री वसतिगृहावर पोचल्यावर ऐकलेले शब्द निम्मे पुसले गेलेले असतात.

येत्या पावसाळ्यानंतर सी.ई.पी.ची नवी तुकडी गावागावांत उतरेल. कुणाच्या हाती प्रश्नावली असेल, कुणाच्या हाती पाणी तपासायचा संच. एखाद्या ओसरीवर बसलेली आजी त्यांना पाणी देईल आणि सहज विचारेल की गेल्या वर्षी तुमच्यासारखीच पोरं आली होती, विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली, त्याचं काय निघालं? त्या मुलांच्या पिशवीत गेल्या वर्षीची वही असली पाहिजे.